ऑनलाइन पत्रमैत्री चौथ्या पत्रानंतर का अडते? वर्षानुवर्षं चालवायची तर काय करावं?

अरुणावती, शिरपूर

मंडळी, राम राम. ऑनलाइन पत्रमैत्रीबद्दल जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. चॅटिंग नको. महिन्याकाठी एक लांब पत्र, त्याला तसंच सावकाश उत्तर, आणि हे पाच-दहा वर्षं चालावं, असं मनात आहे.

सध्या दोन ठिकाणी पत्रं सुरू आहेत. एक पोर्तुगालमधल्या बाईंशी, इंग्रजीत, ‘स्लोली’ अ‍ॅपवर. दुसरं रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांशी, मराठीत, ईमेलवर. दोन्हीकडे सुरुवात झकास झाली आणि चौथ्या-पाचव्या पत्राला गाडी अडली. ‘इकडे ऊन फार आहे, तिकडे कसं?’ याच्या पुढे काही सुचत नाही.

अ‍ॅपवरच राहावं की ईमेलवर यावं? दोन पत्रांत अंतर किती ठेवावं? रत्नागिरीहून आलेल्या एका मेलमध्ये मराठीच्या जागी सगळी अगम्य इंग्रजी अक्षरं उमटली, ती का? पत्रं जपून कशी ठेवावीत? आणि पोर्तुगालच्या बाई घरचा पत्ता मागताहेत, त्यांना काहीतरी भेट पाठवायची आहे. पत्ता द्यावा का?

---

बोरीकाठची, अमळनेर

भाऊ, गाडी अडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पहिल्या तीन पत्रांत ओळख संपते. नाव-गाव, नोकरी, घरात कोण कोण, आवडीनिवडी, सणवार. ही शिदोरी तीन पत्रांपुरतीच असते. त्यानंतर पत्राची बांधणी बदलावी लागते, आणि ती न बदलल्यामुळे दोन्ही बाजू ‘आणखी काय विशेष’वर येऊन थांबतात.

बांधणी अशी ठेवून बघा. त्यांच्या पत्रात सात-आठ मुद्दे असतील तर त्यातले दोनच उचला आणि त्यांनाच नीट उत्तर द्या. बाकीचे बेलाशक सोडा. प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत बसलं की पत्र दर फेरीला फुगत जातं. सहाव्या पत्रापर्यंत ते तीन हजार शब्दांचं होतं आणि मग ‘निवांत बसून लिहू’ म्हणत लांबणीवर पडतं. पत्रमैत्री बंद पडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. आळस त्याच्या बराच नंतर येतो. सहाशे ते नऊशे शब्द पुरेत. दीड हजाराच्या वर गेलात तर समोरच्यावर तेवढंच लिहिण्याचं ओझं टाकता.

दोन उत्तरांनंतर तुमच्याकडची एक गोष्ट, पण अगदी जवळून. ‘आमच्याकडचं भरीत प्रसिद्ध आहे’ या वाक्यातून पोर्तुगालच्या बाईंच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा असं सांगा: वांगं लांबट, हिरवं, अंगावर पांढरट रेघा, जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते भाजतात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या वाळक्या झाडांवर. पऱ्हाट्यांचा जाळ झपकन लागतो, साल काळी पडते आणि धुराचा वास गरात उतरतो. गॅसवर तो वास येत नाही. साल सोलायची, गर लाकडी बडजीत ठेचायचा, हिरवी मिरची आणि लसूण वाटून घालायचं, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी: चार भाग ज्वारीला एक भाग सालासकट उडीद, आणि मीठ दळणातच.

एवढ्यात दीडशे शब्द होतात, आणि त्यातून पुढचा प्रश्न आपोआप निघतो: ‘तुमच्याकडे पीक निघाल्यावर शेतात उरलेल्या काड्यांचं काय करतात?’ शेवटी असा एकच प्रश्न ठेवा. हो-नाहीत न संपणारा, आणि ज्याचं उत्तर त्या माणसालाच माहीत असेल, गुगलला नाही. पाच प्रश्न विचारलेत तर त्याची मुलाखत होते.

अंतराचं म्हणाल तर तीन ते पाच आठवडे बहुतेकांना झेपतं. पण ते मनात धरून चालू नका, तिसऱ्या-चौथ्या पत्रात उघड बोलून ठरवा. ‘मी साधारण महिन्याने लिहितो, तुम्हाला चालेल का?’ एवढंच. दिवस मोजायचे ते पत्र मिळाल्यापासून. ‘दर महिन्याच्या पाच तारखेला’ असं बांधून घेतलंत की एक तारीख चुकल्याबरोबर घडी विस्कटते.

आणि पोच द्या. पत्र आल्यावर तीन दिवसांच्या आत दोन ओळी: ‘पत्र मिळालं. उत्तर वीस तारखेच्या आसपास लिहीन.’ बस. पोच म्हणजे उत्तर नव्हे, त्यात मजकुराबद्दल एक शब्दही लिहू नका. लिहिलात की त्याचं चॅटिंग होतं. पोच असली की पाच आठवड्यांची शांतताही सुखाची वाटते. ती नसेल तर दहाव्या दिवशीच ‘आपलं काही चुकलं का’ सुरू होतं. कापूस वेचणी, मुलांच्या परीक्षा, वैशाखातली लग्नं, असे घाईचे महिने आधीच कळवून ठेवा.

एक गोष्ट आवर्जून टाळा. ‘उशिराबद्दल मनापासून क्षमस्व’ अशी परिच्छेदभर सुरुवात. त्याने उशीर हे कर्ज होऊन बसतं, आणि पुढच्या वेळी समोरच्यालाही तेच फेडावं लागतं. एक ओळ पुरे, लगेच मुद्द्यावर या.

---

नेटकट्टा, जळगाव

बोरीकाठच्या ताईंनी पत्राचं सांगितलं, मी यंत्राचं सांगतो.

ओळख होईपर्यंत अ‍ॅप, ओळख मुरली की ईमेल. स्लोली हे हाँगकाँगमध्ये तयार झालेलं अ‍ॅप २०१७ सालचं. दोन माणसांमधल्या अंतराच्या हिशेबाने ते पत्र उशिरा पोचवतं, जवळच्याला थोड्या वेळात आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला दोन दिवसांच्या आसपास. खऱ्या फोटोऐवजी चित्रातला चेहरा, खऱ्या नावाऐवजी टोपणनाव. त्यामुळे अनोळखी माणसाशी सुरुवात करायला ते उत्तम आहे. पण सगळी पत्रं एका कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, आणि दहा वर्षांचा विचार करायचा तर अ‍ॅप बंद पडू शकतं हे धरूनच चालावं. ईमेलचं तसं नाही. कंपनी बदलली तरी पत्ता बदलून तेच पत्रव्यवहार पुढे नेता येतो आणि जुनी पत्रं फाइल म्हणून आपल्या हातात राहतात. अ‍ॅपवर आहात तोवर पत्र आधी नोट्समध्ये किंवा गुगल डॉक्समध्ये लिहा आणि मग चिकटवा. म्हणजे तुमची प्रत राहते, आणि अ‍ॅप मध्येच बंद पडलं तरी मजकूर जात नाही.

आता जीमेल. सावकाश पत्रव्यवहाराला त्यात चार खड्डे आहेत, आणि रोज मेल करणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाहीत.

पहिला, स्पॅम. नव्या माणसाचं, विशेषतः परदेशातलं पत्र तिकडे जाऊ शकतं, आणि जीमेल स्पॅममधला मेल तीस दिवसांनी कायमचा पुसतं. तुमची फेरी पाच आठवड्यांची! म्हणजे ‘अजून उत्तर कसं नाही’ असा विचार मनात येईपर्यंत पत्र पुसलेलंही असतं. उपाय: दोघांनीही एकमेकांचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये ठेवायचा, आणि कॉम्प्युटरवर जीमेल उघडून त्या पत्त्यासाठी फिल्टर करायचा: ‘स्पॅममध्ये कधीही पाठवू नका’ आणि ‘लेबल लावा’. फिल्टर मोबाइलच्या अ‍ॅपमधून करता येत नाही, ब्राउझरच लागतो.

दुसरा, भरलेली जागा. जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळतात. मोबाइलमधल्या लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली की मेल येणं बंद होतं. पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं आणि तुम्हाला पत्ताच नसतो. जागा ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

तिसरा, जुन्या पत्रांचं शेपूट. ‘रिप्लाय’ केलं की आधीचं सगळं खाली चिकटून येतं. जीमेल साधारण १०२ केबीच्या वरचा मेल मध्येच कापून दाखवतं, खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ असं बारीक अक्षरांत येतं. मेलमधली अक्षरं ज्या पद्धतीने साठवतात त्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, रोमन अक्षर एकच. म्हणून मराठी पत्र इंग्रजीपेक्षा बरंच लवकर कापलं जातं. दर वेळी नवा मेल उघडा, किंवा खालचं शेपूट पुसून टाका. विषयात क्रमांक लिहा: ‘पत्र ७, शिरपूरहून, वैशाख’. दोघांनी आपापले क्रमांक ठेवले की पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली तरी कोणतं कशाचं उत्तर ते कळतं. आणि शोधायला सोपं जातं.

चौथा, न वापरलेलं खातं. दोन वर्षं हात न लावलेलं वैयक्तिक गुगल खातं मजकुरासकट पुसलं जाऊ शकतं. फक्त पत्रांसाठी वेगळं खातं उघडलं असेल तर हे ध्यानात ठेवा.

अगम्य अक्षरांबद्दल. रत्नागिरीच्या काकांनी नक्कीच कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून मजकूर मेलमध्ये चिकटवला असणार. त्या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात, फक्त त्यांचे आकार मराठी दिसतात. तुमच्या फोनवर तो फॉन्ट नाही, म्हणून खालची रोमन अक्षरं उघडी पडली. त्यांना युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, टाइप करायला सांगा. मोबाइलवर जीबोर्डचा मराठी कीबोर्ड, कॉम्प्युटरवर विंडोजमध्येच असलेला इन्स्क्रिप्ट. त्यांचा हात जुन्या फॉन्टवरच बसला असेल तर सवय मोडायच्या फंदात पडू नका, त्यांना पीडीएफ करून पाठवू द्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच जातो. आलेलं जुनं पत्र वाचायला फॉन्ट-टू-युनिकोड कन्व्हर्टर चालतो, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, तिथे हमखास गडबड होते.

जपणूक: वर्षातून एकदा, आखाजीला म्हणा किंवा दिवाळीला, गुगल टेकआउटवर (आपला मजकूर उतरवून घेण्याची गुगलचीच सोय) जाऊन फक्त त्या मित्राचं लेबल निवडून डाउनलोड करा. ‘एमबॉक्स’ फाइल मिळते, ती थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या ईमेल प्रोग्राममध्ये उघडता येते. डाउनलोडची लिंक आठवडाभरच टिकते, मेल आला की लगेच उतरवा. शिवाय प्रत्येक पत्राची पीडीएफ करून साल-महिना-क्रमांक अशा नावाने ठेवा. दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. एकटा पेन ड्राइव्ह म्हणजे जपणूक नव्हे.

जाता जाता, ‘शेड्यूल सेंड’चा वापर करा. २०१९ पासून जीमेलमध्ये आहे. पत्र लिहून झालं की चार-पाच दिवसांनंतरची वेळ द्या. एकदा वेळ लावली की पत्र गुगलच्या सर्व्हरवरून जातं, त्या वेळी तुमचा फोन बंद असो की गावात लाइट नसो.

---

गिरणाकाठ, भडगाव

नेटकट्टाभाऊ, बाकी सगळं मान्य, पण शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. तयार पत्र चार दिवस अडवून ठेवण्यात काही हशील नाही. संथपणा वाचण्यात आणि लिहिण्यात हवा. पाठवण्यात तो आणून काय मिळतं?

पत्र आलं त्या दिवशी एकदा वाचा आणि पोच देऊन बाजूला ठेवा. आठवड्याने पुन्हा वाचा. पहिल्या वेळी निसटलेलं एखादं वाक्य दुसऱ्या वेळी हमखास सापडतं, आणि तेच उत्तराचा गाभा होतं. फोनमध्ये त्या मित्राच्या नावाने एक टिपण उघडून ठेवा, मधल्या दिवसांत ‘हे त्यांना सांगायला हवं’ असं जे वाटेल ते एकेका ओळीत टाका. महिन्यात दहा-बारा ओळी जमतात. मग दोन बैठकांत लिहा, पहिल्या बैठकीत मजकूर, दुसऱ्या दिवशी काटछाट. आणि झालं की पाठवून द्या. या पद्धतीत कोऱ्या पानासमोर बसण्याची वेळच येत नाही.

---

नेटकट्टा, जळगाव

गिरणाकाठ, तुमचं म्हणणं बरोबर आहे. उशीर मुद्दाम लावण्यासाठी नको. शेड्यूलचा खरा उपयोग घड्याळासाठी. पोर्तुगाल हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. आपण सकाळी सात वाजता पाठवलं की तिकडे मध्यरात्र उलटलेली असते, आणि झोपेत टिंग वाजलेलं पत्र सकाळी कामाच्या मेलखाली दबतं. शनिवारी दुपारी त्यांच्याकडे सकाळ असताना पोचेल असं लावा. जीमेल वेळ विचारतं ती आपल्या घड्याळाची, तेवढा हिशेब स्वतः करा.

---

जुना टपाली, भुसावळ

पत्त्याचा प्रश्न मागे राहिला, तो मी घेतो.

घरचा पत्ता लगेच देऊ नका. पाच-सहा महिने नियमित पत्रं झाली, तपशील एकमेकांशी जुळताहेत, पैशांचा विषय निघालेला नाही, मग हरकत नाही. त्याआधी द्यायचाच तर दुकानाचा किंवा ऑफिसचा द्या, किंवा पोस्टात पेटी क्रमांक मिळतो का विचारा.

पत्ता परदेशात लिहून देताना रोमन मोठ्या अक्षरांत, ओळीओळीने: नाव, घर किंवा गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, पिन, राज्य आणि शेवटच्या ओळीत देशाचं नाव. ‘मु. पो.’चं रोमन रूप देऊ नका, तिकडचा माणूस ते नावात मिसळून टाकतो. पिन कधीही गाळू नका. तुमच्या शिरपूरचा ४२५४०५. वाशिम जिल्ह्यातही शिरपूर आहे, आणि नुसतं ‘शिरपूर, महाराष्ट्र’ लिहिलेलं पाकीट तिकडे जाऊन फिरत बसतं. पिनचे पहिले तीन आकडे टपालाची छाननी कुठे करायची ते सांगतात, म्हणून पहिल्या तिघांत चूक झाली तर पत्र थेट दुसऱ्या जिल्ह्यात.

आता भेटवस्तू, आणि इथे कान उघडे ठेवा. पत्रमैत्रीच्या नावाने चालणारी जुनी फसवणूक अशी: दोन-तीन महिने गोड पत्रं, मग ‘तुझ्यासाठी पार्सल पाठवलंय’, सोबत पार्सलचा फोटो. चार दिवसांनी दिल्ली किंवा मुंबईच्या विमानतळावरून ‘कस्टम अधिकारी’ फोन करतो: पार्सलमध्ये सोनं आणि परकीय चलन सापडलंय, अमुक रक्कम या खात्यात भरा नाहीतर गुन्हा दाखल होईल. हे शंभर टक्के खोटं. टपालाने आलेल्या पार्सलवर शुल्क लागलंच तर त्याचा कागद पार्सलसोबत येतो आणि पैसे पोस्टात पावती घेऊन भरायचे असतात. कस्टम खातं फोनवरून कुणाच्या खात्यात पैसे भरायला सांगत नाही, यूपीआय मागत नाही. पैसे गेलेच तर क्षणाचाही विचार न करता १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

तुमच्या पोर्तुगालच्या बाई खऱ्याच असतील, बहुतेक जण असतात. त्यांना आधी पोस्टकार्ड पाठवायला सांगा. कार्डाला शुल्क नाही, किंमत कमी, हरवलं तर दुःख नाही, आणि पत्ता नीट पोचतो की नाही याची परीक्षाही होते. ते व्यवस्थित आलं की पुढे पुस्तक वगैरे. खाण्याचं सामान, बिया, रोपं यांच्या नादी दोन्ही बाजूंनी लागू नका, कस्टममध्ये अडकतं.

रत्नागिरीला काही पाठवायचं असेल तर एक बदल ध्यानात घ्या: देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. खिडकीवर स्पीड पोस्टच मागा. साधं पत्र साध्या टपालाने जातंच.

कार्डांची हौस वाढली तर ‘पोस्टक्रॉसिंग’ बघा. १४ जुलै २००५ला पोर्तुगालमध्येच सुरू झालेली साइट आहे. तुम्ही एका अनोळखी माणसाला कार्ड पाठवता, ते पोचल्याची नोंद झाली की तिसऱ्याच कुणाचं तरी कार्ड तुम्हाला येतं. कार्डावर दिलेला क्रमांक सुवाच्य लिहा, आणि तिकिटापासून लांब लिहा. शिक्का त्यावर बसला तर नोंद करता येत नाही. मात्र ही पत्रमैत्री नव्हे, दर वेळी माणूस नवा. सरावाला चांगलं.

---

अरुणावती, शिरपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. फिल्टर आत्ताच लावला. आणखी दोन गोष्टी विचारतो. रत्नागिरीच्या काकांना अहिराणी ऐकायची हौस आहे. ध्वनिमुद्रित पत्र पाठवलं तर ते संथ पत्रव्यवहारात बसतं का, आणि कसं करावं? दुसरं, उत्तर आलंच नाही तर किती वाट बघावी? पाठपुरावा केला तर मागे लागल्यासारखं होतं.

---

मास्तर, शहादा

ध्वनिपत्र उत्तम बसतं, फक्त त्याला व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटसारखं वागवू नका. अहिराणीचा हेल कागदावर निम्माच येतो, म्हणून तिथे तर ध्वनीच हवा.

मुद्रणाच्या वेळी पंखा आणि कूलर बंद करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हे जिवावर येतं, म्हणून पहाटे साडेपाच-सहाची वेळ धरा. पंख्याची घरघर ऐकताना आपल्याला जाणवत नाही, पण मुद्रणात ती आवाजाच्या बरोबरीने बसते. गाद्या-गोधड्या असलेली खोली निवडा, फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे श्वासाचा फटका माइकवर बसत नाही.

आठ ते दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. सेकंदाला ६४ किलोबिटच्या दराने मिनिटाला जवळपास अर्धा एमबी होतो, म्हणजे दहा मिनिटांचे पाच एमबी. जीमेलची मर्यादा २५ एमबी, मेलला सहज जोडता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका. तिथे पाठवलंत की तिथेच उत्तर येतं, मग निळ्या खुणा दिसतात, ‘शेवटचं कधी दिसले’ कळतं, आणि आठवड्यात सगळा पत्रव्यवहार ‘गुड मॉर्निंग’वर येतो. बहुतेक पत्रमैत्र्या याच वळणावर विरतात.

बोलण्याआधी चार शब्दांचं टिपण हातात ठेवा, पूर्ण लिहून वाचू नका. सुरुवातीला तारीख, गाव आणि पत्राचा क्रमांक बोला. मेलच्या मजकुरात पाच-सहा ओळींत काय आहे ते लिहा आणि अवघड अहिराणी शब्दांचे अर्थ द्या. कोकणातल्या माणसाला ‘आंडोर’ म्हणजे मुलगा हे ऐकून कळणार नाही. शिवाय दहा वर्षांनी शोधायचं झालं तर आवाजात शोधता येत नाही, त्या ओळींतच शोधावं लागतं.

हाताने लिहिलेलं पत्र स्कॅन करून पाठवायचं असेल तर काळं जेल पेन, रेघा नसलेला कागद आणि खिडकीचा बाजूने येणारा उजेड. वरच्या दिव्याखाली फोनची सावली पानावर पडते. ड्राइव्हच्या अ‍ॅपमधलं स्कॅन वापरा, सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये येतात. नुसते फोटो पाठवायचे तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ बंद करा. मेलला जोडलेल्या फोटोत घराचे अक्षांश-रेखांश तसेच जातात, आणि टपाली काकांनी पत्त्याबद्दल दिलेला सगळा सल्ला वाया जातो.

---

बोरीकाठची, अमळनेर

उत्तर आलं नाही तर ठरलेल्या अंतराच्या दुप्पट थांबा. पाच आठवडे ठरले असतील तर दहा. त्यानंतर चार ओळींचं पत्र, गाऱ्हाणं न करता: ‘माझं पत्र ७ तुम्हाला फेब्रुवारीत पाठवलं होतं. स्पॅममध्ये गेलं असेल म्हणून पुन्हा जोडतो. घाई नाही.’ पत्र पुन्हा जोडणं महत्त्वाचं. हरवलं असेल तर त्यांना मागावं लागत नाही, आणि राहून गेलं असेल तर मान राखला जातो. यावर उत्तर नाही आलं तर तीन महिन्यांनी, पत्ता असेल तर, साधं पोस्टकार्ड. खातं बंद पडलं असेल तर कार्ड पोचतंच. त्यापुढे वर्षातून एकदा दिवाळीच्या शुभेच्छा, उत्तर न मागता. इंस्टाग्रामवर शोधून ‘तुम्ही ऑनलाइन दिसलात’ असं मात्र कधीही लिहू नका. त्याने उरलेली वाटही बंद होते. दीड-दोन वर्षांनी परत आलेली माणसं असतात, आणि दार बंद झालेलं नाही हे त्यांना त्या शुभेच्छांतूनच कळतं. परत आले तर ‘कुठे होता’ न विचारता शेवटच्या पत्रातला एखादा धागा उचला.

आणि थोडं जड वाटेल, पण दहा वर्षांची मैत्री हवी असेल तर हेही करून ठेवायला हवं. दूरच्या पत्रमित्राचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्याला सांगणारं कोणी नसतं. घरच्यांना आपलं नावही ठाऊक नसतं. मैत्री वर्षभर टिकली की एकमेकांना घरातल्या एका माणसाचं नाव आणि ईमेल द्या, आणि त्या माणसाला तसं सांगून ठेवा. घरी एका वहीत पत्रमित्रांची नावं आणि पत्ते लिहून ठेवा, पासवर्ड नाही. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने वापरलं गेलं नाही की तुम्ही निवडलेल्या माणसांना आपोआप मेल जातो. त्या मेलचा मजकूर आधीच लिहून ठेवता येतो आणि जास्तीत जास्त दहा जणांची नावं देता येतात. तिथे मुलाचं किंवा मुलीचं नाव घाला, आणि ज्यांच्याशी खरोखर जीव जडला आहे त्या एका-दोघा पत्रमित्रांचंही. पत्रमित्राच्या नावापुढे खात्यातला मजकूर उघडण्याची परवानगी देऊ नका, नुसता निरोप जाईल असंच ठेवा. सहा महिन्यांची मुदत मला योग्य वाटते. तीन फार कमी, आजारपणातच निघून जातात.